फरक तेवढा पाठवा

दिवसा मी पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. काही शे मशीन्स आहेत. त्या सगळ्यांवरची ऑपरेटिंग सिस्टिम एकसारखी आणि ताजी ठेवणं, हे माझं काम. एक आज्ञा द्यायची आणि झोपायचं. सकाळपर्यंत सगळी मशीन्स एका पायरीवर आलेली असतात. मार्च २०२० मध्ये ऑफिस बंद झालं आणि मी लॅपटॉप घेऊन घरी, बुरोंडीला आलो. दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवर, लाडघरच्या शेजारचं किनाऱ्यावरचं गाव. इथून मी पुण्याचे शेकडो सर्व्हर आरामात सांभाळले. पण आमच्या गावातल्या एका खोलीतली चार मशीन्स काही मला एका पायरीवर ठेवता आली नाहीत.

ही चार मशीन्स म्हणजे आम्ही काही जणांनी मिळून जमवलेले जुने संगणक. मुलांनी शिकावं म्हणून एका खोलीत मांडले होते. त्यांवर डेबियन लिनक्स घातलं होतं आणि मार्करनं मोठे आकडे लिहिले होते : एक, दोन, तीन, चार. मी आल्यावर उत्साहानं ठरवलं, यांना अपडेट करू. फोनचं हॉटस्पॉट लावायचं आणि रात्री नेटवर्क बरं असेल तेव्हा एकेक मशीन पुढे न्यायचं. एक नंबर एप्रिलमध्ये झालं, दोन नंबर मेमध्ये. तीन नंबर मी कधी सुरू केलं, तर ३ जूनच्या सकाळी. निसर्ग चक्रीवादळ त्याच दिवशी येणार हे माहीत होतं. उद्या वीज नसेल, आजच उरकून टाकू, असा माझा हिशोब होता. वीज उद्याची वाट बघत थांबली नाही. अपडेट अर्ध्यावर असताना ती गेली. चार नंबरला मी हातच लावला नव्हता.

दुपारी वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं. आमच्याकडे नारळ, सुपारी, आंबा आडवे झाले, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. आमच्या वाडीत वीज यायला तीन आठवडे लागले. ती आली तेव्हा लोकांना पहिली गरज होती ती अर्जांची. कुणाची बाग गेली, कुणाचं छप्पर, कुणाची होडी. खोलीपुढे रांग लागली. दहावीची परीक्षा दिलेली एक मुलगी भराभर मराठी टाइप करायची, तिच्या हाताखाली आणखी दोघं.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की रांग फक्त दोन नंबरपुढे आहे. बाकी तीन मशीन्स रिकामी.

"दादा, बाकीच्यांवर नाय जमत," ती म्हणाली. एक नंबरवर टाइप केलेला अर्ज दोन नंबरवर उघडला की ओळी सरकायच्या, दोन पानांचा अर्ज तीन पानांचा व्हायचा. तीन नंबरवर जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. चार नंबरवर फाइल उघडायचीच नाही. रांगेतल्या एक काकी, ज्यांची सुपारीची सगळी बाग झोपली होती, मला म्हणाल्या, "मशीन कुठलं का असेना, कागद तोच यायला हवा ना रे?"

माझ्या सगळ्या नोकरीचं सार काकींनी एका वाक्यात सांगितलं होतं.

त्या पावसाळ्यात मी हे चार डबे एका पायरीवर आणायचा मार्ग शोधत होतो. शोधता शोधता पन्नास वर्षांच्या इतिहासात शिरलो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हा इतिहास मला कुणी सांगितला नव्हता. आम्हाला शिकवली ती आजची साधनं, आणि ती साधनं असं गृहीत धरतात की इंटरनेट नळाच्या पाण्यासारखं येतं. आमच्याकडे पाणीसुद्धा तसं येत नाही.

गोष्ट सुरू होते बेल लॅब्जपासून. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या या प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी होती. १९५६ च्या एका कायदेशीर तडजोडीमुळे तिला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरायची मुभा नव्हती. त्यामुळे विद्यापीठांनी मागितलं की युनिक्स नाममात्र शुल्कात मिळायचं, आणि तेही सोर्स कोडसकट. सोर्स कोड म्हणजे माणसानं लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर. तो आपल्या मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात आणायचा, की चालणारी सिस्टिम तयार. हा मजकूर चुंबकीय टेपवर घालून टपालानं यायचा. पण सोबत कुठलीही सेवा नाही. चूक सापडली, तर तुमची तुम्ही दुरुस्त करा.

लोकांनी तेच केलं. पण एका विद्यापीठानं केलेली दुरुस्ती दुसऱ्यापर्यंत पोचवायची कशी? जुने युनिक्सवाले एक किस्सा सांगतात. बेल लॅब्जमध्ये पन्नासेक दुरुस्त्यांची एक टेप तयार होती, पण वकिलांच्या धास्तीनं ती बाहेर जात नव्हती. मग एक दिवस बाहेरच्या एका युनिक्सवाल्याला फोन आला : अमुक वाजता माउंटन अव्हेन्यूवर अमुक ठिकाणी जा, कामाची वस्तू सापडेल. तो गेला, तर रस्त्याच्या कडेला टेप पडलेली. किस्सा तिखटमीठ लावलेला असेलही. पण अपडेटसाठी रस्त्यावर जावं लागणारा मी पहिला नाही, एवढं मला त्यातून कळलं.

टेपची अडचण अशी की ती सगळंच पाठवते. हजारो फाइलींपैकी तीन ओळी बदलल्या तरी अख्खं बाड पुन्हा. यातून सुटकेचा रस्ता १९७४ च्या सुमारास युनिक्समध्ये आला : 'डिफ' नावाचा छोटा प्रोग्रॅम. डग्लस मॅकिलरॉय यांनी तो लिहिला आणि त्यामागच्या पद्धतीवर जेम्स हंट यांच्यासोबत १९७६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. दोन फाइली द्या, डिफ फक्त फरक सांगतो : अमुक ओळ काढा, तमुक घाला. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी त्याचा जोडीदार लिहिला, 'पॅच'. डिफनं काढलेला फरक तो तुमच्या प्रतीवर चढवतो, तुमच्या ओळी थोड्या इकडेतिकडे सरकल्या असल्या तरी योग्य जागा शोधून चढवतो. या दोन प्रोग्रॅम्समुळे दुरुस्ती पत्रात मावण्याएवढी लहान झाली.

ती पत्रं आपल्याकडेही येऊ लागली होती. भारतातल्या इंटरनेटची गोष्ट आपण १५ ऑगस्ट १९९५ पासून सांगतो, कारण त्या दिवशी विदेश संचार निगमनं ते सर्वांसाठी खुलं केलं. पण त्याआधी जवळजवळ दहा वर्षं मुंबईत जुहूला एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात ईमेल सुरू झाली होती. साल १९८६-८७. एस. रमणी एनसीएसटीचे प्रमुख होते. अर्नेट हे शिक्षण आणि संशोधन संस्थांचं जाळं तेव्हा उभं राहत होतं, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या पैशातून. जुहू आणि पवई यांच्यात कायमची जोडणी नव्हती. एका मशीननं दुसऱ्याला साधा फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायची, तिकडची घ्यायची, फोन ठेवायचा. या पद्धतीला यूयूसीपी म्हणतात. तीही बेल लॅब्जमध्येच, माइक लेस्क यांच्या हातून जन्मलेली. एसटीच्या पार्सलसारखी ती चालते : गाडी येईपर्यंत सामान स्टँडवर थांबतं, गाडी आली की पुढे जातं. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला कायमची लाइन मिळाली, तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आजच्या एका साध्या फोटोला त्या वेगानं अर्धा तास सहज लागेल. त्या वाटेनं देशभरच्या संस्थांची पत्रं जात-येत होती.

अशा अरुंद वाटा जगभर होत्या, आणि त्यांवर राहणाऱ्यांसाठीच मला सगळ्यात आवडलेलं साधन बनलं. त्याचं नाव सीटीएम. १९९० च्या दशकात फ्रीबीएसडी ही बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून निघालेली सिस्टिम तयार होत होती आणि तिचा सोर्स कोड रोज बदलत होता. ज्यांच्याकडे नीट इंटरनेट नाही, फक्त ईमेल आहे, त्यांच्या मशीनवर तो ताजा कसा ठेवायचा? डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग काम्प यांनी उपाय काढला : रोजचा फरक ईमेलनं पाठवा. प्रत्येक पत्राला क्रमांक. बहुतेक पत्रं पाच किलोबाइटच्या आतली. मोठं असेल तर तुकडे करून. ५०१ नंतर ५०२ च लावायचं; मधलं हरवलं असेल तर पुढचं लागतच नाही. आणि लावण्याआधी सीटीएम तपासतं की तुमच्याकडची फाइल खरोखर तीच आहे का, जिच्यावर हा फरक बेतला आहे. त्यासाठी फाइलच्या मजकुरावरून गणितानं काढलेला एक छोटा ठसा पत्रातच असतो. ठसा जुळला नाही, तर काम थांबतं. लावल्यावर पुन्हा ठसा बघतं.

हे वाचलं तेव्हा मला माझी चूक नेमकी कळली. मी नेटवर्कला दोष देत होतो. पण माझी चार मशीन्स चार पायऱ्यांवर होती ती नेटवर्क हळू होतं म्हणून नव्हे. कुठलं मशीन कुठल्या पायरीवर आहे, याची नोंदच मी ठेवली नव्हती. पाच किलोबाइटच्या पत्रांवर जगणाऱ्यांना ती चैन परवडणारी नव्हती. वाट अरुंद असली की आपल्याकडे नेमकं काय आहे हे माहीत असावंच लागतं. त्याशिवाय फरक मागता येत नाही.

ही अडचण मराठीला नवी नाही. संत एकनाथांच्या काळी ज्ञानेश्वरीच्या प्रती हातानं होत होत्या आणि प्रत्येक प्रतीत पाठभेद शिरत होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि शेवटी बजावलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. तसं करणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणं. मला यात सीटीएमचीच काळजी दिसते. फरक एवढाच की एकनाथांकडे ठसा नव्हता. पुढच्या नकलकाराच्या सद्बुद्धीवर विसंबणं एवढंच हातात होतं. पुढे पुण्यात भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा १,२५९ हस्तलिखितं वापरली गेली. चौकटी आखलेल्या कागदांवर अक्षरन् अक्षर उतरवून फरक टिपले गेले. सत्तेचाळीस वर्षं चाललेलं, हातानं केलेलं डिफच म्हणायचं.

पण डिफ काढायला दोन्ही प्रती एका जागी लागतात. एक प्रत जुहूला आणि दुसरी पवईला असेल तर? हा प्रश्न ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी सोडवला. १९९६ मध्ये त्यांनी 'आरसिंक' प्रसिद्ध केलं. मला ते समजलं आमच्या आजोबांच्या वहीमुळे.

आजोबांचं छोटं किराणा दुकान होतं. उधारीच्या वहीची दुसरी प्रत दापोलीला त्यांच्या भावाकडे असायची. महिन्याअखेर दोघं भेटले की अख्खी वही वाचत बसायचे नाहीत. आजोबा फक्त बेरजा वाचायचे : पान सात, चारशे बारा, पान आठ, दोनशे नव्वद. बेरीज जुळली की पान सोडून द्यायचं. नाही जुळली, तर तेवढं पान उघडायचं. आरसिंकही हेच करतं. जुनी प्रत असलेलं मशीन आपल्या फाइलचे सारखे तुकडे पाडून प्रत्येकाची बेरीज पाठवतं, आणि नवी प्रत असलेलं मशीन न जुळणारा मजकूर तेवढा परत पाठवतं.

यात एक मेख आहे. वहीत मधेच एक ओळ घुसली, तर पुढच्या सगळ्या ओळी सरकतात आणि पुढच्या सगळ्या पानांच्या बेरजा चुकतात. म्हणून नवी प्रत असलेलं मशीन ठरावीक पानांवर थांबत नाही, एकेक ओळ सरकत जातं. प्रत्येक पावलाला वरची ओळ वजा करायची, खालची मिळवायची. नवी बेरीज लगेच हातात. कुठे ना कुठे जुळतंच. दोन वेगळ्या मजकुरांची बेरीज योगायोगानं सारखी येऊ शकते, म्हणून जुळल्यावर आणखी एक पक्का ठसा तपासला जातो. आजोबांच्या पद्धतीत हा दुसरा ठसा नव्हता. त्यावरून दोघा भावांत एकदा चांगलंच वाजलं होतं, असं आजी सांगायची.

याच ट्रिजेल यांच्यामुळे पुढे आणखी एक मोठी गोष्ट घडली. लिनक्सच्या गाभ्याचा सोर्स कोड २००२ पासून बिटकीपर या खाजगी कंपनीच्या साधनात ठेवला जात होता. त्याच्याशी बोलेल असा मुक्त प्रोग्रॅम ट्रिजेल लिहू लागले. वाद झाला आणि लिनक्सवाल्यांची मोफत सोय गेली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये 'गिट' लिहायला घेतलं. आज माझ्या वयाचा प्रत्येक सॉफ्टवेअरवाला दिवसातून दहा वेळा गिट वापरतो. त्यात प्रत्येक पायरीचं नाव म्हणजेच तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा असतो, आणि नेटवर्कवरून जातं ते समोरच्याकडे नसलेलं तेवढंच. म्हणजे आज फायबरवर बसलेले लोक जे वापरतात, त्याची मुळं मोडेमवर बसलेल्यांच्या गरजांमध्ये आहेत.

आपल्याकडचे मोडेमवालेही फार जुने नाहीत. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकानं अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. महिन्याच्या अंकाबरोबर टपालानं आलेली ती सीडी कित्येकांचं पहिलं लिनक्स ठरली. २००५ ते २०११ उबुंटूच्या सीडी मागणाऱ्याला फुकट घरपोच यायच्या. मग सगळं डाउनलोडवर गेलं आणि पोस्टमनची वाट बंद झाली. शहरांना ते जाणवलंही नाही.

जुलैमध्ये मी पुन्हा सुरुवात केली. आधी वही घातली. चारही मशीन्सवर काय काय आहे ते लिहिलं. मग एक जुनी शिस्त उचलली. फ्रीबीएसडीच्या पुस्तिकेत अनेक मशीन्स सांभाळणाऱ्यांना सल्ला आहे : सोर्स कोड एकाच मशीनवर आणा, तिथेच एकदा कंपाइल करा, बाकीच्यांना त्याच्याकडून घेऊ द्या, आणि सगळ्यांना देण्याआधी एका मशीनवर लावून बघा. आमच्याकडे कंपाइल करायचं नव्हतं, डेबियनची तयार पॅकेजं होती, पण शिस्त तीच. दोन नंबर मुख्य झालं. चौघांच्या मध्ये एक जुना स्विच आणि केबल टाकली.

राहिला प्रश्न बाहेरून आणण्याचा. त्यासाठी रितेश राज सराफ या भारतीय डेबियन विकासकाचं 'ॲप्ट-ऑफलाइन' सापडलं. तुमचं मशीन आपल्याकडे काय नाही त्याची यादी एका छोट्या फाइलमध्ये लिहितं. ती पेनड्राइव्हवर घ्यायची, इंटरनेट असलेल्या कुठल्याही संगणकाला लावायची, तेवढंच उतरवायचं आणि परत आणायचं. मी बाइकवरून दापोलीला गेलो, एका मित्राच्या घरी भर पावसात दोन तास बसलो आणि शर्टाच्या आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पेनड्राइव्ह घेऊन उतरलो.

आधी दोन नंबर अद्ययावत केलं. मग चाचणीसाठी चार नंबर, कारण त्यावर काहीच अवलंबून नव्हतं. एक दिवस ते चालवून पाहिलं. मग एक नंबर. तीन नंबरची अर्धवट अवस्था निस्तरायला एक अख्खी रात्र गेली. शेवटी मी ते पुसून नव्यानं बसवलं. आठवड्याच्या शेवटी वहीत चार रकाने होते आणि चारही रकान्यांत एकच मजकूर.

त्या मुलीनं स्वतःच तपासणी केली. काकींचा अर्ज एक नंबरवर उघडला, मग दोनवर, तीनवर, चारवर. चारही ठिकाणी दोन पानं, आणि सही करायची जागा त्याच ओळीवर. मग तिनं रांगेतल्या लोकांना हाक मारून चार ठिकाणी बसवलं.

आता मी परत पुण्यात आहे. वही तिच्याकडे आहे. महिन्यातून एकदा कॉलेजसाठी दापोलीला जाताना ती यादीची फाइल सोबत नेते. परवा तिचा फोन आला, "दादा, या खेपेला फक्त चाळीस एमबी आहे." मागच्या खेपेपासून काही चुकलेलं नाही, हे मला त्या आकड्यावरूनच कळलं.